पहिला पगार आणि पाच कुर्ते

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका गावची तेवीस वर्षांची मुलगी. मार्चपासून जळगावला एका खाजगी ऑफिसात अकाउंटंटची नोकरी लागली आहे, हातात साडेअठरा हजार येणार. त्यातले सहा हजार घरी, साडेसहा हजार खोली आणि मेसचे. कपडे म्हणावेत तर कॉलेजचे चार कुर्ते, दोन जीन्स. मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न, शिवाय एका मैत्रिणीचं. ती विचारते: पहिल्या पगारात आठ हजारांची एकदाच खरेदी करून टाकू का? दरमहा कपड्यांवर किती घालावेत? लग्नासाठी साडेचार हजारांचा तयार लेहंगा पाहून ठेवलाय, तो घेऊ का? आणि पहिल्या पगारातून आईला साडी घ्यायची आहे, ती याच हिशेबात धरायची का?

पोरी, मी जळगावात सव्वीस वर्षं बायकांचे कपडे शिवते. त्याआधी चार वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरवर होते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पाहत आले आणि ती मला आजही खटकते. आपल्याकडची बाई लग्नाच्या कपड्याला हात सैल सोडते आणि रोजच्या कपड्याला आवळते. तीन तास अंगावर राहणाऱ्या साडीला चार हजार, आणि वर्षभर दिवसाचे दहा तास घालायच्या कुर्त्याला अडीचशे. तो अडीचशेचा कुर्ता चार धुण्यांत विटतो, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, उसवतो, मग पुन्हा अडीचशे. माझ्याकडे दुरुस्तीला येतात ते असलेच कुर्ते. चार हजारांच्या साड्या घडी न मोडता कपाटात असतात. तुझा हिशेब मी बरोबर उलटा लावणार आहे.

आधी दरमहाचा आकडा. पगाराचा विसावा हिस्सा काढ. सव्वानऊशे होतात, सोयीसाठी नऊशे धरू. वर्षाचे १०,८०० झाले. त्याचे तीन वाटे कर: रोजच्या कपड्यांना ५००, लग्न-सणाला २५०, आणि चप्पल, आतले कपडे, स्कार्फ यांना १५०. तीन वेगळी पाकिटं ठेवलीस तरी चालेल. एखाद्या महिन्यात घरी जास्त पाठवावे लागले, तर नऊशेचे सहाशे कर. पण एका पाकिटातून दुसऱ्यात पैसे टाकू नकोस. लग्नसराई आली की रोजच्या कपड्यांचं पाकीट रिकामं होतं, हे मी घरोघरी पाहिलंय.

आठ हजारांची एकदम खरेदी करू नकोस. ऑफिस कसं आहे हे तुला अजून माहीत नाही. एसी आहे का, तिथल्या बायका काय घालतात, येता-जाता किती धूळ लागते, हे महिनाभर गेल्याशिवाय कळायचं नाही. दुसरं, खुर्चीतली नोकरी लागली की बांधा बदलतो. पहिल्या सहा महिन्यांत कमरेला इंच-दीड इंच वाढलेल्या कितीतरी मुली माझ्याकडे शिवण सोडवायला येतात. आणि तिसरं कारण कुणी लक्षात घेत नाही: एकदम घेतलेले कपडे एकदमच जुने होतात. दीड वर्षाने सगळे कुर्ते एकाच महिन्यात विटून बसतात आणि पुन्हा आठ हजारांची गरज उभी राहते. दर काही महिन्यांनी दोन नग येत राहिले तर तशी वेळ येत नाही.

आता किती लागतात ते मोजू. दुकानात जाऊन रंग बघण्याआधी आठवड्यात धुणं कितीदा होतं ते बघ. तुझं काम सहा दिवसांचं. खोलीवर धुणं रविवारी आणि मधे एकदा, समजा बुधवारी रात्री. मार्च ते जून आपल्याकडे एकदा घातलेला कुर्ता दुसऱ्या दिवशी घालता येत नाही, घामाची पांढरी रेघ पाठीवर दिसते. म्हणजे सोम-मंगळ-बुध तीन, ते बुधवारी रात्री धुतले की सकाळपर्यंत वाळलेच असं नाही, म्हणून गुरुवारचा चौथा, आणि एक हाताशी. पाच झाले. पाच कुर्ते आणि तीन खालचे एवढ्यावर वर्ष निघतं. दहा कुर्ते असलेल्या मुलीही घालतात त्यातले पाचच. उरलेले इस्त्री करून नुसते टांगलेले असतात.

तुझ्याकडे चार आहेत. उजेडात धरून बघ, काखेत आणि पाठीत कापड विरळ झालंय का. चारातले दोन नक्की चांगले निघतील. जीन्स शनिवारला ठेव, मे महिन्यात ती अंगावर सहन होणार नाही. मग घ्यायचे उरले तीन कुर्ते आणि दोन सरळ पँट. माझ्या दुकानाच्या आसपासचे भाव सांगते, तुझ्या ठिकाणी पाच-पंचवीस इकडेतिकडे होतील. बऱ्यापैकी सुती कापड मीटरला दीडशे, कुर्त्याला अडीच मीटर, म्हणजे ३७५, शिलाई ३००. एक कुर्ता ६७५ ला. पँटला सव्वादोन मीटर साधं कापड २७०, शिलाई २००, झाले ४७०. तीन कुर्ते २,०२५, दोन पँट ९४०. एकूण २,९६५. पहिल्या पगारातून एवढेच काढ. रोजच्या कपड्यांच्या पाकिटातले सहा महिन्यांचे पाचशे-पाचशे तू आगाऊ उचललेस असं धर आणि ऑगस्टपर्यंत रोजच्या कपड्यांसाठी पुन्हा बाजाराकडे फिरकू नकोस.

६७५ जास्त वाटतात ना? पाच कुर्ते आळीपाळीने घातलेस तर वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत एकेक कुर्ता साठ वेळा अंगावर चढतो. ६७५ भागिले ६०, सव्वाअकरा रुपये. दुसऱ्या वर्षीही टिकला, आणि नीट शिवलेला सुती कुर्ता टिकतो, तर साडेपाच-पावणेसहा. हा मी कपड्याचा अंगावरचा भाव म्हणते. दुकानातला भाव वेगळा आणि अंगावरचा वेगळा. साडेचार हजारांचा लेहंगा तीनदा घातलास तर त्याचा अंगावरचा भाव दीड हजार.

कापडाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात सुताला पर्याय नाही. पॉलिस्टर घाम शोषत नाही, तो अंगावरच राहतो आणि वास कापडात बसतो. कितीही धू, पुन्हा अंग तापलं की वास परत येतो. आपल्या शिवारात कापूस पिकतो, आपल्याच जिनिंगमध्ये त्याच्या गाठी बांधल्या जातात, आणि आपल्या पोरी सुरतेचं पॉलिस्टर घालून घामोळं अंगभर घेऊन येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पावसाळ्यात मात्र टेरीकॉटला, म्हणजे सूत आणि पॉलिस्टरच्या मिश्र कापडाला, मी नाही म्हणत नाही. पटकन वाळतं, इस्त्री फार लागत नाही. पाचांतला एक कुर्ता टेरीकॉटचा असला तर जुलै-ऑगस्टमध्ये बरं पडतं.

रेयॉनचं सांगायला हवं, कारण सध्या बाजारात तेच जास्त आणि हाताला इतकं मऊ लागतं की मोह होतो. रेयॉन थंड असतं हे खरं. पण ओलं झालं की त्याची ताकद कमी होते. बादलीत घासलं, पिळलं की शिवणीजवळ सरकतं, आणि आखडतंही. मशीन नसलेल्या खोलीवर, हाताने घासून धुणाऱ्या मुलीने रोजच्या कुर्त्याला रेयॉन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानदार प्रत्येक थानाला ‘प्युअर कॉटन’ म्हणेल. कापड मुठीत दाबून सोड. सुताला चुण्या पडतात, पॉलिस्टर उलगडून सरळ होतं. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घास, रंग रुमालावर आला तर ते कापड खाली ठेव. शंका राहिली तर एक धागा घरी नेऊन मोरीवर चिमट्यात धरून जाळ: सुताचा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिस्टरचा वितळून टणक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही थोडंथोडं दिसतं. आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारल्याशिवाय मीटर सांगू नकोस. मी वर धरलेले अडीच मीटर ३६ ते ४४ इंची पन्ह्याचे. ५८ इंची पन्हा असेल तर कापड बरंच कमी लागतं, आणि काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही.

कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव, न पिळता सावलीत वाळव. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. काही वर्षांपूर्वी घाईच्या दिवसांत मी एका बाईंचे चार कुर्ते न भिजवता शिवले. पहिल्या धुण्यात लांबी दीड इंच गेली, बाह्या वर चढल्या. चारही कापडं मी माझ्या पैशाने भरून दिली. तेव्हापासून भिजवलेलं कापड नसेल तर मी कात्री लावत नाही.

शिंप्याकडे गेलीस की दोन गोष्टी तोंडाने सांग. बाजूच्या शिवणीत आत एकेक इंच कापड ठेवा, आणि छातीला मापापेक्षा चार इंच सैल ठेवा. आतल्या इंचभर कापडामुळे तोच कुर्ता अंगाने भरलीस तरी दोन वर्षं चालतो; सैलपणामुळे हवा खेळते आणि मुंढ्यावर ताण येत नाही. पाऊण बाही घे. रस्त्यावर ऊन लागत नाही, एसीत थंडी वाजत नाही. मापाला जाताना तुझा सगळ्यात चांगला बसणारा जुना कुर्ता सोबत ने.

वेळेचंही बघ. तुला मार्चपासून कपडे हवेत, तर होळीच्या आत कापड टाक; पैसे घरून उसने घे आणि पहिल्या पगारातून फेड. त्यानंतर आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आमच्याकडे ब्लाउजांचे ढीग लागतात, माहेरवाशिणी यायच्या असतात, लग्नांची घाई असते. त्या दिवसांत टाकलेला साधा कुर्ता ढिगाच्या तळाशी जातो आणि शेवटी एका रात्रीत शिवला जातो. जूनमध्ये शाळेचे गणवेश. आमचा निवांत काळ आषाढात, आणि मग पितृपक्षात. पितृपक्षात कापडाच्या दुकानांतही गर्दी नसते, भाव बोलता येतो, दुकानदार थान उलगडून दाखवायला कंटाळत नाही. तुझे पुढचे दोन कुर्ते पितृपक्षात घे. पितरांच्या पंधरवड्यात नवं घेत नाहीत असं आई म्हणाली तर कापड आणून भिजवून ठेव आणि घटस्थापनेला अंगावर घाल, तिचंही मन राहील. खादी आवडत असेल तर गांधी जयंतीच्या सुमारास सूट लागते तेव्हा बघ. स्वेटर एकच पुरतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्याही खाली जातो, तेव्हा तो हवाच. पण रस्त्याकडेचे स्वेटरवाले उरलेला माल आवरायला लागतात तेव्हा, जानेवारीच्या शेवटी, पुढच्या वर्षासाठी घेतलास तर स्वस्तात मिळतो.

रंगांबद्दल थोडक्यात. आत्ताच्या दोन पँटपैकी एक ऑफव्हाइट आणि एक काळी किंवा नेव्ही घे, पुढे तिसरी घेशील ती राखाडी. कुर्ता घेताना तो यातल्या दोघींवर तरी जातो का बघ. जात नसेल तर तो कितीही आवडला तरी त्याच्यामागे नवी पँट आणि नवी ओढणी येईल, आणि ६७५ चे दीड हजार होतील.

आता लग्न. इथे तुझ्यावर दडपण येणार आहे हे मला माहीत आहे. चुलत बहिणीचं लग्न म्हणजे हळदीला सगळ्यांनी पिवळं, संगीत असेल तर एक, लग्नाला एकसारख्या साड्या, असे तीन-तीन कपडे निघतात. वर्षाला लग्नाच्या पाकिटात तीन हजार आहेत आणि मेपर्यंत त्यात पुरते साडेसातशेही जमणार नाहीत. लेहंगा त्यात बसत नाही. शिवाय तू अकाउंटंट आहेस म्हणून सांगते: २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याचा नग २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेला की १८ टक्के, आणि तो पूर्ण किमतीवर. साडेचार हजारांत कर धरलेला असेल तर सुमारे ६८६ रुपये नुसते कराचे. मीटरवर घेतलेल्या कापडाला ५ टक्केच. आणि खरं सांगायचं तर मेच्या भर दुपारी मांडवात जाळीचा, घेर फुगवायला आत ताठ कॅनकॅन लावलेला लेहंगा घालून बसलेल्या मुलींचे हाल मी दरवर्षी बघते. दुसऱ्या दिवशी कमरेला लाल पट्टा उठलेला असतो.

मग काय घालायचं? आईचं कपाट उघड. आईच्या लग्नातली नाही तर कुणाच्या आहेरात आलेली, एखादी तरी चांगली साडी घडीतच पडलेली असते. साडी तीच, ब्लाउज नवा तुझ्या मापाचा. अस्तर, शिलाई धरून साडेपाचशे-सहाशेत होतो, आणि बघणाऱ्याचं लक्ष आधी ब्लाउजच्या बसण्याकडेच जातं. हळदीला वेगळं पिवळं घेऊ नकोस. तुझ्या तीन कुर्त्यांतला एकच पिवळा सुती घे. आधी चार वेळा ऑफिसला घाल, हळदीच्या रात्री त्यावर आईची जरीकाठाची ओढणी घे. हळदीचे डाग लागले तर पिवळ्यावर पिवळे, उन्हात वाळवलं की फिके होतात. मैत्रिणीच्या लग्नाला हीच साडी पुन्हा. वऱ्हाड वेगळं, पाहुणे वेगळे.

आणि बहिणी म्हणाल्या, सगळ्यांनी एकसारखी साडी घेऊ, दोन हजार दे, तर आधीच, बस्ता बांधायला सुरतला निघायच्या अगोदर सांग की माझ्याच्याने साडेसातशेच्या वर होणार नाही. अगोदर सांगितलं की कुणाला लागत नाही. साड्या बांधून आल्यावर नाही म्हटलं की लागतं. सुरतला तू स्वतः गेलीस तर मोठ्यांबरोबर जा, पण स्वतःसाठी होलसेलच्या दुकानातून सेट उचलू नकोस. एकाच डिझाइनचे सहा-आठ नग एका बांधणीत येतात, वाटून घेऊ म्हणून आपण घेतो आणि त्यातले निम्मे कुणालाच नको असतात. असा एक सेट घेऊन मी दोन वर्षं सांभाळला आहे.

ऑनलाइन घ्यायचं तर आकाराच्या अक्षरावर जाऊ नकोस. तुझा चांगला बसणारा कुर्ता सपाट पसरून छातीचं माप घे, दुप्पट कर, आणि त्यांनी दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं ते बघ. परत करता येत नसेल तर घेऊ नकोस. फुले मार्केटमध्ये कापड हाताला लागतं, चुणी पाडून बघता येते, म्हणून मी तिथेच पाठवीन. साडीची भिशी लावू नकोस. पैशाची भिशी ओळखीच्या बायकांत असेल तर हरकत नाही. साडीच्या भिशीत शेवटी त्याच दुकानातून, त्याच्याच भावाने, हवी-नको ती साडी उचलावी लागते.

दीडशेच्या पाकिटाचं बोलले होते. आतले कपडे सुती आणि सहा जोड, यात काटकसर नको. त्यातून होणाऱ्या खाजेला नंतर डॉक्टरचे पैसे जातात. स्कार्फ दोन. गाडीवर तोंडाला बांधलेला स्कार्फ संध्याकाळपर्यंत घामाने आणि धुळीने भरतो, तो रोज धुवायचा. चपलांचे दोन जोड आळीपाळीने घातले तर एकामागून एक घेतलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त दिवस जातात, कारण मधे त्या वाळतात.

धुण्याचं एवढंच सांगते. गडद सुती कपडा पहिले तीन-चार वेळा वेगळा धू. मिठाच्या पाण्यात टाकला की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. मीठ कापड रंगवताना कामी येतं, रंगून आलेल्या कापडाचं जाणं त्याने थांबत नाही. कपडा उलटा करून सावलीत वाळव. आपल्या उन्हात सरळ वाळवलेला कुर्ता एका उन्हाळ्यात खांद्यावर फिका पडतो. खोलीवर बोअरचं जड पाणी असेल तर साबण कमी घाल आणि एक पाणी जास्त काढ. साबण कापडात बसला की सूत कडक होतं आणि घडीवर तुटतं.

राहिली आईची साडी. ती या नऊशेत धरू नकोस आणि या तीन हजारांतही नको. पहिल्या महिन्यात खोली, मेस, घरचे सहा हजार आणि कपड्यांचे तीन हजार गेले की तुझ्याकडे तीन हजार उरतात. त्यातले हजार-बाराशे काढ आणि तिच्यासाठी मऊ, बारीक काठाची सुती साडी घे. जाळीची नको, जड काठाची नको. ती आखाजीला नेसेल आणि नंतरही नेसत राहील अशी घे. फॉल-पिको करूनच घरी ने, नाहीतर सहा महिने ती तशीच ठेवेल. आणि पुढच्या रविवारी गावी गेलीस की तिचा रोजचा एक ब्लाउज गुपचूप पिशवीत टाकून आण. दंडात घट्ट होतो का, ते मात्र बोलता बोलता विचारून घे. आमच्याकडे नुसता ब्लाउज येतो तेव्हा तेवढंच कळत नाही.